खोलीतले खरकटे आणि मनातली अढी

अकोला-वाशिम रस्ता आणि नागपूर-छत्रपती संभाजीनगर रस्ता जेथे एकमेकांना मिळतात, ते आमचे मालेगाव. नाशिक जिल्ह्यातले नव्हे, वाशिम जिल्ह्यातले. १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा झाला. त्याआधी आमचे जिल्ह्याचे ठिकाण अकोला. दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या बसस्थानकावर दरवर्षी एकच देखावा दिसतो. एक मुलगा किंवा मुलगी, सोबत बाप नाहीतर मामा, सामानाची पेटी, गादीची वळकटी, पिठाचा डबा आणि आईने फडक्यात बांधून दिलेली लोणच्याची बरणी. कोणी अकोल्याला निघालेला असतो, कोणी अमरावतीला, नागपूरला, तर कोणी पुण्याला.

खोली पाहताना आपण पालक मंडळी सगळे विचारतो. भाडे किती, अनामत किती, पाणी किती वेळ येते, कॉलेज किती लांब. एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. ही चार पोरे एकत्र जेवतील, पण त्यांची भांडी कोण घासणार? प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु खोल्या मोडतात त्या बहुधा याच प्रश्नावर, आणि खोली मोडली की पुष्कळदा शिक्षणाचीही घडी विस्कटते. म्हणून या स्मरणिकेत या साध्या विषयावर चार शब्द लिहिण्याचे आम्ही ठरविले.

हा प्रश्न आपल्या मुलांपुढे का येतो?

समाजकल्याण खात्याच्या शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला तर जेवणाची सोय तेथेच होते. पण जागा मोजक्या आणि अर्ज पुष्कळ. ज्यांना वसतिगृह मिळत नाही, अशा अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ या शैक्षणिक वर्षापासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. भोजन, निवास व निर्वाह यांसाठीची रक्कम विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होते. योजना सुरू झाली तेव्हा ही रक्कम मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये, इतर महानगरपालिकांच्या शहरांसाठी ५१,००० रुपये आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये अशी होती. या पैशात एकट्याने खोली घेणे आणि रोज बाहेर जेवणे परवडत नाही. तेव्हा तिघे-चौघे मिळून खोली घेतात, एक गॅस, एक कुकर आणि एक मोरी वाटून घेतात. नोकरीच्या पहिल्या वर्षांत शिक्षक, परिचारिका, तलाठी यांचीही हीच तऱ्हा असते.

आमचा स्वतःचा अनुभव

दुसऱ्याला उपदेश करण्याआधी स्वतःचा दोष सांगावा हे बरे. हा लेख लिहिणारे आम्ही दोघे एके काळी अकोल्यात एका खोलीत राहत होतो. खोलीत एकूण चौघे. रॉकेलचा स्टोव्ह, दोन गंज, एक तवा, चार ताटल्या. स्वयंपाक पाळीने करायचा हे ठरले होते. भांड्यांबद्दल काहीच ठरले नव्हते. आम्ही जेवून ताटली मोरीत सरकवायचो आणि पुस्तक उघडायचो. सकाळी पाहावे तर भांडी लख्ख. आमचा मंगरूळपीरकडचा एक सोबती पहाटे उठून निमूटपणे सगळी घासून ठेवी. आम्हांला वाटे, त्याला स्वच्छतेची आवडच आहे. एकदाही विचारले नाही.

फेब्रुवारीत, परीक्षा तोंडावर आली असताना, एके दिवशी आम्ही कॉलेजातून परतलो तर त्याची पेटी जागेवर नव्हती. फळीवर त्याच्या वाट्याचे रॉकेलचे पैसे मोजून ठेवलेले होते. भांडण नाही, शब्द नाही. तो गावाहून बसने ये-जा करू लागला, आजारी पडला आणि त्याचे ते वर्ष गेले. पुष्कळ वर्षांनी एका लग्नात भेट झाली. आम्ही विषय काढताच तो हसून म्हणाला, "भांड्याईचं काही नव्हतं बाबू. तुमाले ते दिसतच नव्हतं, त्याचं वाईट वाटलं."

त्याचे हे वाक्य आम्ही विसरलो नाही. आम्ही आळशी होतो हे खरे. पण त्याहून खरे हे की, आम्हांला ते काम दिसतच नव्हते. घरी जेवून उठलो की ताट आई उचलायची, नाहीतर बहीण. ताट उचलणारा हात ज्याने कधी पाहिला नाही, त्याला परगावी गेल्यावर तो एकाएकी कसा दिसावा?

पसारा करणारा वाईट असतो काय?

सामान्यतः आपण म्हणतो, "तो घाणेरडा आहे" किंवा "ती फार टापटिपीची आहे." जणू हा जन्मजात स्वभावच. आमच्या मते यात अर्धेच सत्य आहे. प्रत्येकाची डोळ्याला खुपण्याची मर्यादा वेगळी असते. एकाला एक खरकटी वाटी खुपते, दुसऱ्याला मोरी तुंबेपर्यंत काही वाटत नाही. ज्याला आधी खुपते तो आधी उठतो. तो उठला की दुसऱ्याला खुपण्याची वेळच येत नाही. असे महिनाभर चालले की पहिला गडी आपोआप खोलीचा मोलकरी होतो आणि दुसरा आपोआप मालक. दोघांनीही तसे ठरविलेले नसते. एकाच्या मनात मात्र अढी बसते आणि दुसऱ्याला तिचा पत्ताही नसतो.

स्वयंपाकघरातले काम हे मोजण्याजोगे, किंमत असलेले काम आहे हे आपण फार उशिरा मान्य केले. मुंबईच्या गिरणगावात एकेकटे राहणारे हजारो कामगार खाणावळीत जेवत. त्या खाणावळी चालविणाऱ्या बाया पहाटेपासून चुलीपुढे असत. पण त्यांना कोणी कामगार म्हणत नसे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांना संघटित केले, तेव्हा कुठे त्यांच्या श्रमाला नाव मिळाले. खोलीतली भांडीही तसाच श्रम आहे. त्याला आधी काम म्हणा, म्हणजे वाटणी करता येते.

कोसंबीचे पाणी

एकत्र राहणाऱ्यांचे भांडण किती लहान गोष्टीवरून किती मोठे होते, याचे उदाहरण फार जुने आहे. विनयपिटकाच्या महावग्गात कोसंबीच्या भिक्खूंच्या कलहाची हकिगत आहे आणि त्याचे मूळ अट्ठकथेत सांगितले आहे. एका भिक्खूने शौचकूपातील भांड्यात वापरून उरलेले पाणी तसेच ठेवले. दुसऱ्याने ते पाहिले आणि हा दोष आहे असे म्हटले. पहिल्याने आधी कबूल केले. पण गोष्ट शिष्यांपर्यंत गेली, बोलणे वाढले आणि संघात दोन तट पडले. प्रत्यक्ष भगवान बुद्धांनी समजावले तरी ते ऐकेनात. शेवटी बुद्ध त्यांना सोडून निघून गेले. पुढे कोसंबीच्या उपासकांनीच त्या भिक्खूंना भिक्षा व मान देणे थांबविले, तेव्हा ते ताळ्यावर आले. भांडभर पाण्याची ही गोष्ट! आपल्या खोलीतल्या कुकरवरून भांडण झाले तर नवल ते काय?

पण त्याच प्रकरणात पुढे दुसरे चित्र आहे, आणि आम्हांला ते अधिक महत्त्वाचे वाटते. कोसंबी सोडल्यावर बुद्ध अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तिघे राहत होते त्या वनात गेले. तुम्ही एकोप्याने कसे राहता, असे त्यांनी विचारले. तिघांनी जी व्यवस्था सांगितली तिचा सारांश असा. भिक्षेहून जो आधी येईल त्याने आसने मांडावीत, पाय धुण्याचे आणि पिण्याचे पाणी ठेवावे. जो शेवटी येईल त्याने उरलेले अन्न हवे तर खावे, नको तर योग्य जागी टाकावे, भांडी धुऊन ठेवावीत, जेवणाची जागा झाडावी. पाण्याचा घडा रिकामा ज्याला दिसेल त्याने भरावा. एकट्याला जड वाटला तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलवावे. आणि दर पाचव्या दिवशी तिघांनी रात्रभर एकत्र बसून धम्मचर्चा करावी.

एकत्र राहण्याचे सारे शास्त्र यात आले आहे. आधी येणाऱ्याचे काम ठरलेले, शेवटी येणाऱ्याचे ठरलेले, जड कामाला दोघे आणि ठरावीक दिवशी बैठक. हे तिघे साधुपुरुष होते. तरीही त्यांनी केवळ चांगुलपणावर भिस्त ठेवली नव्हती, व्यवस्था लावली होती. मग आपल्या पोरांनी नुसत्या दोस्तीवर का विसंबावे?

खोलीत प्रत्यक्ष काय करावे?

(१) पहिल्याच रविवारी बसा. भांडण झाल्यावर केलेले नियम शिक्षेसारखे वाटतात. आधी केलेले नियम सर्वांचे होतात. कागदावर सगळी कामे लिहा. पाणी भरणे, भाजी-किराणा आणणे, दळण, स्वयंपाक, भांडी, ओटा व शेगडी पुसणे, मोरी साफ करणे, कचरा टाकणे, गॅस नोंदवणे. यादी पाहूनच निम्मे डोळे उघडतात.

(२) आपले ताट आपण धुवावे, सामाईक भांडी पाळीने घासावी. ताटली, वाटी, पेला ज्याचे त्याने जेवल्याबरोबर. कुकर, कढई, तवा, सराटा हे ज्याची पाळी त्याने, त्याच रात्री. स्वयंपाक करणाऱ्याकडे त्या दिवशी भांडी नकोत.

(३) भांडी मोजकीच ठेवा. चौघांना बारा ताटल्या असल्या की बाराही खरकट्या होईपर्यंत कोणी हात लावत नाही. माणशी एक ताटली, एक वाटी, एक पेला, त्यावर नाव कोरलेले. लग्नात मिळालेल्या भांड्यांवर आपल्याकडे नाव घालतातच. आपली ताटली खरकटी तर आपणच उपाशी, हा नियम कोणाला वेगळा शिकवावा लागत नाही.

(४) घासायला वेळ नसेल तर निदान भिजत घाला. दुधाच्या आणि भाताच्या भांड्यात लगेच गार पाणी ओतावे, तेलकट भांड्याला गरम पाणी लागते. सुकलेला भात खरवडायला लागणारा वेळ आणि त्यात जाणारे पाणी, दोन्ही वाचतात. आपल्या भागातल्या पोरांना पाण्याची किंमत सांगायला नकोच. चहाचा चोथा आणि शिते मोरीत सोडू नयेत. मोरी तुंबते ती त्यानेच.

(५) उरलेल्या अन्नाचा धनी ठरवा. शिजलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला तर त्यात एक प्रकारचे जंतू वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. फ्रीज नसेल तर रात्रीचा भात सकाळसाठी ठेवूच नये, बेताचाच टाकावा.

(६) शेगडीच्या बाबतीत हयगय नको. दूध उतू जाऊन ज्योत विझते आणि गॅस चालू राहतो. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठतो. वास आला तर विजेचे कोणतेही बटण दाबू नये, चालू वा बंद काहीही करू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडून १९०६ या क्रमांकावर फोन करावा. रात्री रेग्युलेटर कोणी बंद करायचा, हेही यादीत लिहा.

(७) खर्चाची एक वही ठेवा. पैशाचा हिशेब आणि कामाची पाळी एकाच वहीत असावी. ज्याला परीक्षेमुळे पाळी जमत नसेल त्याने ती बदलून घ्यावी, बुडवू नये.

सांगावे कसे?

एवढे करूनही कोणी पाळी चुकवणारच. मग सांगायचे कसे? दोष दाखविणाऱ्याने पाच गोष्टी पाळाव्यात असे बुद्धांनी सांगितले आहे. वेळ पाहून बोलावे, खरे तेच बोलावे, मऊ शब्दांत बोलावे, उपयोगाचे बोलावे आणि मनात मैत्री ठेवून बोलावे. खोलीच्या भाषेत सांगायचे तर, परीक्षेच्या आदल्या रात्री बोलू नये, पाहुण्यांसमोर बोलू नये. "तू नेहमीच असा" म्हणू नये; "कालचा कुकर राहिला आहे" म्हणावे. भांड्यांचा आदळआपट करून राग दाखवू नये आणि मोबाईलच्या गटात फोटो टाकून चारचौघांत लाज काढू नये. आणि आमच्या त्या सोबत्यासारखे चार महिने गप्पही बसू नये. दोन दिवसांत सांगितलेले राग नसतो, दोन महिन्यांनी सांगितलेला राग असतो.

आणखी एक. चांगला वागणारा सोबती एकाएकी अंथरुणातून उठेनासा झाला, ताटली तशीच टाकू लागला, तर आधी त्याची विचारपूस करा. घरून वाईट बातमी असेल, नापास झाला असेल, मन खचले असेल. महावग्गातच एका आजारी भिक्खूची गोष्ट आहे. तो स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि इतर त्याच्याकडे पाहत नव्हते. कारण काय, तर तो त्यांच्या काही उपयोगी पडत नसे. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला लावले, स्वतः त्याच्यावर पाणी ओतले आणि आनंदाने त्याला धुतले. पसाऱ्यामागे कधी कधी दुखणे असते, हे विसरू नये.

"घाण" हा शब्द जपून वापरावा

येथे आम्हांला मनातले एक बोलायचे आहे. आपल्या देशात स्वच्छता या शब्दाच्या आड शिवाशिव पुष्कळ लपली आहे. मिश्र वस्तीच्या खोलीत आपल्या मुलाचे नाव-गाव कळल्यावर कोणी त्याचा पेला वेगळा ठेवू लागला, किंवा मोरी आणि कचरा हे काम दरवेळी त्याच्याच वाट्याला येऊ लागले, तर तो भांड्यांचा प्रश्न राहत नाही. ते मुकाट्याने सोसू नये. सरळ विचारावे, कॉलेजात सांगावे, वडीलधाऱ्यांना कळवावे. पण त्याचबरोबर आपली खरकटी कढई आपण चार दिवस ठेवली आणि कोणी टोकले, तर त्याला जातीचा रंग देऊ नये. कढई ही कढईच आहे. हे दोन्ही वेगळे ओळखता आले पाहिजे. पाळीची वही येथेच उपयोगी पडते. सर्वांच्या नावापुढे सर्व कामे फिरती असली की कोणाच्या मनात काय आहे ते महिन्याभरात कागदावर दिसते.

मुलींच्या खोल्यांत वेगळाच प्रकार होतो. "मुलगी आहे, तिला यायलाच हवे" या समजामुळे तेथे कोणी काही ठरवीत नाही, आणि जी सोशिक तिच्यावर सगळा भार पडतो. वही मुलींनाही तितकीच हवी.

जमलेच नाही तर

सगळे करून जमले नाही तर वेगळे होण्यात कमीपणा नाही. आधी चूल वेगळी करावी, खोली नव्हे. एकाने डबा लावावा, दोघांनी शिजवावे, असेही चालते. खोलीच सोडायची झाली तर महिनाभर आधी सांगावे, अनामतीचा आणि वीजबिलाचा हिशेब समोरासमोर करावा, चहा पिऊन निघावे. फळीवर पैसे ठेवून जाण्याची पाळी कोणावर येऊ नये.

कारण खोलीतला सोबती ही केवळ भाड्याची सोय नसते. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये त्यांच्या खोलीत नवल भथेना हे पारशी तरुण होते. ती मैत्री जन्मभर टिकली आणि पुढे लंडनच्या अपुऱ्या शिक्षणासाठी पैशाची गरज पडली तेव्हा भथेना कामी आले. कोणत्या खोलीतला सोबती पुढे कोठे उभा राहील, हे आज सांगता येत नाही.

पालकांना आमची एवढीच विनंती आहे. मुलगा परगावी जाण्याआधीची सुट्टी त्याला घरची भांडी घासू द्या. बहीण उठली तर तिला बसवा. आणि जूनमध्ये बसस्थानकावर निरोप देताना, पैसे जपून वापर, अभ्यास कर, हे सांगून झाल्यावर आणखी एक वाक्य सांगा. पोहोचलास की पहिल्याच दिवशी भांडी कोण घासणार ते ठरवून घे, आणि पहिली पाळी तू घे.